ब्रिटनमधील तटरक्षक व आपत्कालीन सेवांची कपात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये २०१० पासून सरकारी खर्च आटोक्यात आणण्याचे जे धोरण राबवण्यात आले, त्याची झळ तटरक्षक दलाची समन्वय केंद्रे, अडचणीतील जहाजे ओढणारे टग, अग्निशमन केंद्रे आणि पोलिसांचे नियंत्रण कक्ष अशा सर्वांनाच बसली. त्यावरून उठलेला वाद संसदेत, बंदरांवर आणि न्यायालयातही पोहोचला. हा वाद समजून घेऊ पाहणाऱ्यांना सहसा पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे देताना दोन्ही बाजू मांडल्या आहेत, मात्र जेथे एक बाजू स्पष्टपणे कमकुवत वाटली तेथे तसे म्हणण्याचे टाळलेले नाही.

ब्रिटनचे तटरक्षक दल हे भारतीय तटरक्षक दलासारखेच आहे का?

नाही, आणि हा फरक आधीच लक्षात घेतला नाही तर पुढचा सगळा वाद चुकीच्या चित्रावर उभा राहतो. भारतीय तटरक्षक दल हे १९७८ च्या कायद्याने उभे राहिलेले, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सशस्त्र दल आहे; त्याच्याकडे स्वतःची गस्ती जहाजे आणि विमाने आहेत. ब्रिटनचे तटरक्षक दल १८२२ साली, मुख्यतः चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी, तीन जुन्या यंत्रणा एकत्र करून स्थापन झाले असले, तरी आज ते परिवहन खात्याखालील एक नागरी सेवा आहे. त्याचे मुख्य काम ऐकण्याचे, ठरवण्याचे आणि पाठवण्याचे आहे. समुद्रावरून आलेली हाक किंवा किनाऱ्यावरून आलेला फोन समन्वय केंद्रातील अधिकारी घेतात, संकटाचे ठिकाण आणि गांभीर्य ठरवतात, आणि मग कोणी जायचे ते सांगतात.

प्रत्यक्ष जाणारे बहुतेक जण वेगळेच असतात. लाइफबोटी प्रामुख्याने आरएनएलआय या धर्मादाय संस्थेच्या असतात. हेलिकॉप्टर कंत्राटी कंपनीची असतात. कड्यांवर आणि चिखलात उतरून माणसे बाहेर काढणारी किनारी पथके सुमारे ३,५०० स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. त्यामुळे ‘केंद्र बंद झाले’ याचा अर्थ त्या गावातील लाइफबोट गेली असा होत नाही. कपातीचे समर्थक हे वारंवार सांगत, आणि ते खरे होते. विरोधकांचे उत्तर असे होते की हातपाय जागेवर ठेवून कान आणि मेंदू दोनशे मैल दूर नेले, तर हातपायांना उशिरा आणि कदाचित चुकीचे समजेल. वादाचा गाभा या दोन वाक्यांत आहे.

२०१० मध्ये नेमका कोणता प्रस्ताव मांडण्यात आला होता?

त्या वेळी लंडनचे छोटे केंद्र वगळता देशात १८ समन्वय केंद्रे होती. शेटलंड बेटांपासून फाल्मथपर्यंत ती किनाऱ्याभोवती विखुरलेली होती आणि सर्वच्या सर्व चोवीस तास चालत. १६ डिसेंबर २०१० रोजी सरकारने असा प्रस्ताव जाहीर केला की पूर्ण वेळ चालणारी केंद्रे केवळ तीन ठेवावीत, म्हणजे ॲबर्डीन, साउथॅम्प्टन-पोर्ट्समथ परिसर आणि डोव्हर. त्यांच्या जोडीला पाच उपकेंद्रे असावीत, आणि ही उपकेंद्रे केवळ दिवसा चालावीत. पाचांपैकी काही जागांसाठी बेलफास्ट की लिव्हरपूल, स्टॉर्नोवे की शेटलंड, असे पर्याय खुले ठेवण्यात आले होते. दोन किनारी समाजांना एकमेकांसमोर उभे करण्याचा हा प्रकार होता, आणि त्याचा राग प्रस्तावाच्या तांत्रिक बाजूपेक्षा अधिक काळ टिकला.

सरकारची बाजू केवळ पैसे वाचवण्याची होती का?

पैसे वाचवणे हा हेतू उघड होता. तथापि जुन्या रचनेत खरेच दोष होते आणि ते नाकारणाऱ्यांची बाजू मला कधी पटली नाही. प्रत्येक केंद्राची संगणक आणि रेडिओ यंत्रणा फक्त शेजारच्या एका केंद्राशी जोडलेली होती. म्हणजे दोन-दोन केंद्रांच्या जोड्या होत्या, आणि एका जोडीवर भार पडला तर किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाचे रिकामे बसलेले केंद्र तिला काहीही मदत करू शकत नव्हते. उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवशी दक्षिण किनाऱ्यावरील केंद्रात फोन खणखणत असताना उत्तरेकडील केंद्रात शांतता असे, आणि हिवाळ्यातील वादळी रात्री नेमके उलटे चित्र असे. दोन शेजारी केंद्रे एकाच वेळी बंद पडली तर त्या पट्ट्याची जबाबदारी उचलणारे कोणी नव्हते.

त्यावर सरकारचा उपाय असा होता की सर्व केंद्रे एकाच जाळ्यात गुंफावीत, म्हणजे कोठेही आलेली हाक कोणत्याही केंद्राला घेता येईल, आणि मग केंद्रांची संख्या कमी असली तरी चालेल. या युक्तिवादातील पहिला भाग भक्कम होता. दुसरा भाग पहिल्यातून आपोआप निघत नव्हता, कारण जाळे विणण्यासाठी गाठी कमी कराव्या लागतात असा काही नियम नाही. ‘आधुनिकीकरण’ या एकाच शब्दाखाली या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या, आणि त्यानंतर कपातीला विरोध करणारा प्रत्येक जण आपोआप सुधारणेचा विरोधक ठरू लागला.

‘स्थानिक ज्ञान’ म्हणजे काय, आणि उपग्रहांच्या काळात त्याला इतके महत्त्व का दिले गेले?

कपातीच्या विरोधातील हा सर्वांत जास्त वापरलेला मुद्दा होता, आणि तो भावनिक असल्याची टीकाही सर्वांत जास्त झाली. म्हणून तो थोडा उलगडून पाहणे आवश्यक आहे.

मोठ्या मालवाहू जहाजाच्या बाबतीत टीकाकारांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झालेल्या जागतिक सागरी आपत्कालीन संपर्क यंत्रणेमुळे अशा जहाजावरील रेडिओचे एक बटण दाबले की जहाजाची ओळख आणि अक्षांश-रेखांश आपोआप प्रसारित होतात. केंद्रातील अधिकारी त्या किनाऱ्यावर जन्मलेला आहे की नाही, याने येथे फारसा फरक पडत नाही.

परंतु तटरक्षक दलाला हाक मारणारे सगळेच जहाजाचे कप्तान नसतात. भरतीच्या पाण्याने वेढले गेलेले पर्यटक, वाऱ्याने आत ओढले गेलेले फुगवलेले तराफे पाहणारे पालक, किंवा कड्यावरून कुत्रा पडला म्हणून त्याच्यामागे उतरलेला फिरस्ता, यांच्याकडे रेडिओ नसतो, मोबाइल असतो, आणि ते ठिकाण सांगतात तेही स्थानिक नावाने. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टार्बर्ट नावाची गावे हॅरिस बेटावर आहेत, किंटायर द्वीपकल्पावर आहेत, जुरा बेटावरही आहेत. गेलिक भाषेत हा शब्द दोन पाण्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीसाठी वापरतात, त्यामुळे जेथे अशी जमीन तेथे ते नाव. घाबरलेला माणूस ‘मी टार्बर्टजवळ आहे’ एवढेच सांगून फोन ठेवतो, तेव्हा कोणते टार्बर्ट हे ओळखण्यासाठी पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे त्या किनाऱ्यावर वावरलेल्या अधिकाऱ्याला चटकन सुचते. थंड पाण्यात पडलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांतच श्वासाचा ताबा राखणे अवघड जाते आणि त्यानंतर थोड्याच वेळात हातपाय काम देईनासे होतात, हे लक्षात घेतले तर एका प्रश्नाचे मोल कळते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. २०१४ पासून ब्रिटनमध्ये आपत्कालीन फोन करताच मोबाइलचे ठिकाण आपोआप कळवणारी व्यवस्था सुरू झाली, आणि ती पसरत गेली तशी या मुद्द्याची धार काही प्रमाणात कमी झाली. मात्र २०१० मध्ये ती अस्तित्वात नव्हती, आणि निर्णय त्या वर्षाच्या परिस्थितीवर घ्यायचा होता. शिवाय ठिकाण कळल्यानंतरही अमुक खडकामागे ओहोटीच्या वेळी लाइफबोट जाऊ शकते का, अमुक किनाऱ्यावरच्या पथकाला कोणत्या वाटेने उतरता येईल, हे नकाशावरील ठिपका सांगत नाही.

विरोधाचा परिणाम झाला का?

झाला, आणि तो कमी लेखला जातो. संसदेच्या परिवहन समितीने जून २०११ मध्ये दिलेल्या अहवालात सुधारणेची गरज मान्य केली, पण प्रस्तावातील दिवसापुरत्या उपकेंद्रांची कल्पना आणि कर्मचाऱ्यांना विश्वासात न घेण्याची पद्धत यांवर कठोर टीका केली. रोज फोन घेणाऱ्या अधिकाऱ्यांना समितीपुढे येऊन तोंडी साक्ष देण्याची परवानगी मंत्रालयाने दिली नव्हती, याबद्दलही समितीने नाराजी नोंदवली. जे काम बदलायचे आहे ते करणाऱ्यांचेच म्हणणे ऐकायचे नाही, ही बाब प्रस्तावाच्या समर्थकांनाही अवघड वाटली असणार.

जुलै २०११ मध्ये सरकारने सुधारित आराखडा आणला. रात्री बंद राहणारी केंद्रे ही कल्पना सोडून देण्यात आली. दक्षिणेला फेअरहॅम येथे एक राष्ट्रीय केंद्र, डोव्हर, आणि ॲबर्डीन, शेटलंड, स्टॉर्नोवे, बेलफास्ट, होलीहेड, मिलफर्ड हेवन, फाल्मथ व हंबर ही आठ केंद्रे चोवीस तास चालतील असे ठरले. क्लाइड, फोर्थ, लिव्हरपूल, स्वॉन्झी, ब्रिक्सम, पोर्टलंड, यार्मथ आणि थेम्स ही आठ केंद्रे बंद करण्याचा निर्णय मात्र कायम राहिला. फोर्थ आणि क्लाइड २०१२ मध्ये सर्वांत आधी बंद झाली आणि २०१५ पर्यंत ही प्रक्रिया पूर्ण झाली. दरम्यान डिसेंबर २०१२ मध्ये त्याच समितीने पुन्हा लक्ष घातले, तेव्हा अनुभवी अधिकारी नोकरी सोडून जात असल्याची आणि रिकाम्या जागांची चिंता तिने व्यक्त केली. केंद्र बंद होणार हे वर्ष-दीड वर्ष आधी कळलेला माणूस शेवटच्या दिवसापर्यंत तेथेच थांबेल, हे गृहीतकच चुकीचे होते.

टगचा प्रश्न वेगळा का चर्चिला जातो?

कारण कपातीचा हिशेब कोठे चुकतो, हे टगच्या उदाहरणात सर्वांत स्वच्छ दिसते.

जानेवारी १९९३ मध्ये ब्रेअर नावाचे तेलवाहू जहाज इंजिन बंद पडल्याने शेटलंडच्या दक्षिण टोकावर जाऊन आदळले आणि सुमारे ८५,००० टन कच्चे तेल समुद्रात गेले. त्यानंतर लॉर्ड डोनाल्डसन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने १९९४ मध्ये अशी शिफारस केली की बंद पडलेले जहाज खडकावर जाण्याआधी त्याला ओढून धरू शकतील असे शक्तिशाली टग सरकारने मोक्याच्या ठिकाणी तैनात ठेवावेत. फेब्रुवारी १९९६ मध्ये मिलफर्ड हेवनच्या तोंडाशी सी एम्प्रेस जहाजातून ७२,००० टन तेल सांडले, आणि या शिफारशीला आणखी वजन आले. पुढे डोव्हर, फाल्मथ, स्टॉर्नोवे आणि उत्तरेकडील बेटे अशा चार ठिकाणी हे टग उभे राहू लागले.

ऑक्टोबर २०१० च्या खर्च आढाव्यात हे चारही टग काढून घेण्याचे ठरले. जहाज ओढणे ही जहाजमालक आणि खासगी टग कंपन्या यांच्यातील व्यावसायिक बाब आहे, करदात्यांनी तिचा भार का उचलावा, असा सरकारचा युक्तिवाद होता. खर्च आढावा २० ऑक्टोबरला जाहीर झाला. २२ ऑक्टोबरला शाही नौदलाची अगदी नवी अणुपाणबुडी ॲस्ट्यूट स्काय बेटाजवळ उथळ पाण्यात रुतली, आणि तिला बाहेर ओढायला आला तो स्टॉर्नोवेचा अँग्लियन प्रिन्स हा टग, म्हणजे ज्या चौघांवर गदा आली होती त्यांच्यापैकीच एक. (या कामात टगचा पाणबुडीला धक्का लागून तिचे थोडे नुकसानही झाले, हे पूर्णतेसाठी सांगितले पाहिजे, टगच्या समर्थकांनी ही बाब फारशी मोठ्याने सांगितली नाही.)

डोव्हर आणि फाल्मथचे टग सप्टेंबर २०११ अखेर गेले. स्कॉटलंडमधून झालेल्या तीव्र विरोधानंतर चारांपैकी केवळ एक टग ऑर्कनी येथे ठेवण्यात आला. ऑगस्ट २०१६ मध्ये १७,००० टनांचा ट्रान्सओशन विनर हा तेलविहिरीचा तराफा वादळात ओढदोर तुटून लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर डालमोर येथे जाऊन बसला, तेव्हा सरकारी टग ऑर्कनीतच होता. स्टॉर्नोवेला टग असता तर ही घटना टळली असती असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये, कारण त्या वादळात दोर पकडणे कोणत्याही टगला कठीण होते. पण त्याच वर्षी उरलेला एकमेव टगही काढून घेण्याचा विचार चालू होता, आणि वर्षअखेर त्याऐवजी नवे कंत्राट करण्यात आले, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

वापर कमी असलेल्या सेवेवर खर्च का करावा?

हा प्रश्न प्रत्येक आपत्कालीन सेवेबाबत विचारला जातो आणि तो वाजवी आहे. चूक होते ती मोजमापात. दुकान, बसमार्ग किंवा ग्रंथालय यांच्याबाबत वापर हा उपयुक्ततेचा बऱ्यापैकी निदर्शक असतो, मात्र टग, अग्निशमन बंब किंवा रात्रपाळीचा रेडिओ अधिकारी यांच्या सेवेचा मोठा भाग तयार राहण्यातच असतो. वर्षातील तीनशे दिवस धक्क्याला बांधून ठेवलेला टग हा हिशेबनिसाला पडून राहिलेला खर्च दिसतो, आणि उरलेल्या एखाद्या रात्री त्याने वाचवलेले जहाज हिशेबाच्या वहीत कोठेच येत नाही, कारण न झालेल्या तेलगळतीची पावती फाडता येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक केंद्र आणि प्रत्येक बंब अनंतकाळ जपला पाहिजे असा होत नाही. किती राखीव क्षमता ठेवायची हा शेवटी राजकीय निर्णय आहे, आणि तो सरकारला घ्यावाच लागतो. आक्षेप एवढाच आहे की तो निर्णय ‘कार्यक्षमता’ या शब्दाआड घेतला जाऊ नये. आपण किती धोका पत्करत आहोत आणि तो कोणाच्या वतीने पत्करत आहोत, हे नाव घेऊन सांगितले जावे.

समुद्रावरील आगी विझवणाऱ्या पथकांचे काय झाले?

जहाजावर आग लागली तर हेलिकॉप्टरने तेथे उतरवता येतील अशी, किनाऱ्यावरील १५ अग्निशमन दलांच्या जवानांची विशेष पथके २००६ मध्ये उभारण्यात आली होती. त्यांचा केंद्रीय निधी २०११ मध्ये थांबवण्यात आला. काही दलांनी स्वतःच्या खर्चाने ही क्षमता टिकवली, पण राष्ट्रीय पातळीवरील व्यवस्था संपली.

नियंत्रण कक्ष एकत्र करण्याचा प्रयोग इतरत्र यशस्वी झाला होता का?

इंग्लंडच्या अग्निशमन दलांचा अनुभव येथे डोळ्यांसमोर होता. स्थानिक ४६ नियंत्रण कक्ष बंद करून त्यांच्या जागी नऊ प्रादेशिक कक्ष उभारण्याची योजना २००४ मध्ये सुरू झाली. इमारती वेळेत बांधून झाल्या. त्यांच्यात बसवायची संगणक यंत्रणा मात्र कधीच तयार झाली नाही. २० डिसेंबर २०१० रोजी सरकारने ही योजना गुंडाळली, आणि किमान ४६.९ कोटी पौंड वाया गेल्याचा निष्कर्ष राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने पुढच्या वर्षी काढला. तारीख पुन्हा वाचण्यासारखी आहे. तटरक्षक केंद्रांचे एकत्रीकरण जाहीर झाल्यानंतर अवघ्या चार दिवसांनी त्याच सरकारने अग्निशमन कक्षांचे एकत्रीकरण अपयशी म्हणून रद्द केले होते.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. अग्निशमन दलासाठी बांधलेली आणि मोकळी पडलेली फेअरहॅमची इमारत पुढे तटरक्षक दलाला मिळाली, आणि आज राष्ट्रीय समन्वय केंद्र तेथेच चालते. तटरक्षक दलाची संगणक यंत्रणा मात्र प्रत्यक्षात कार्यान्वित झाली, त्यामुळे दोन्ही योजनांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.

पोलिसांच्या बाबतीत काय घडले?

स्कॉटलंडमधील आठ पोलीस दले १ एप्रिल २०१३ रोजी विलीन होऊन एक राष्ट्रीय दल झाले, आणि त्यानंतर अनेक नियंत्रण कक्ष बंद करून त्यांचे काम मोजक्या ठिकाणी हलवण्यात आले. जुलै २०१५ मध्ये एम-९ महामार्गालगत रस्त्यावरून खाली गेलेल्या एका मोटारीची खबर एका नागरिकाने फोनवरून दिली. ती बिल्स्टन ग्लेन येथील कक्षात घेतली गेली, पण संगणकात नोंदवलीच गेली नाही. मोटारीतील दोघे तीन दिवस तेथे पडून राहिले, आणि अखेर दोघांचाही मृत्यू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस स्कॉटलंडने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दलाला १,००,००० पौंडांचा दंड झाला. ही चूक एका कर्मचाऱ्याच्या हातून झाली असली तरी न्यायालयात उत्तरदायी ठरले ते दल, कारण एखाद्याचा विसर पडला तर तो पकडेल अशी यंत्रणा उभारणे ही दलाची जबाबदारी होती.

हेलिकॉप्टर सेवा खासगी कंपनीकडे देणे ही कपात म्हणायची का?

सरसकट तसे म्हणता येणार नाही. शाही हवाई दल आणि नौदलाची जुनी सी किंग हेलिकॉप्टर निवृत्तीला आलेली होती. मार्च २०१३ मध्ये ब्रिस्टो कंपनीशी सुमारे १६० कोटी पौंडांचा, दहा वर्षांचा करार झाला आणि २०१५ पासून तिने टप्प्याटप्प्याने काम हाती घेतले. नवी यंत्रे अधिक वेगवान होती आणि काम चांगले चालल्याचे सर्वसाधारण मत आहे. तळांची संख्या मात्र १२ वरून १० झाली. नॉर्थम्बरलंडमधील बूमर आणि डॉर्सेटमधील पोर्टलंड हे तळ गेले, आणि तेथील लोकांच्या दृष्टीने ही कपातच होती. वेगवान हेलिकॉप्टर दुरून येऊनही तेवढ्याच वेळात पोहोचते, हा सरकारचा दावा सरासरीच्या पातळीवर बरोबर आहे. सरासरीने बूमरच्या मच्छीमाराचे समाधान होत नाही, एवढेच.

कपातीमुळे लोकांचे प्राण गेले हे सिद्ध झाले आहे का?

एखादे केंद्र बंद झाले आणि त्यामुळेच अमुक माणूस दगावला, अशी सरळ रेषा ओढणे बहुतेक वेळा अशक्य असते. हवामान, नौकेची स्थिती, हाक मारायला लागलेला उशीर अशी अनेक कारणे एकत्र येतात. म्हणून ‘एकही मृत्यू कपातीमुळे झाल्याचे दाखवा’ हे आव्हान जितके सोयीचे, तितकेच ‘यांच्या हाताला रक्त लागले आहे’ ही घोषणाही सोयीची असते.

इंग्लिश खाडीतील २४ नोव्हेंबर २०२१ च्या रात्रीची दुर्घटना या संदर्भात वारंवार पुढे आणली जाते. लहान नौकेतून ब्रिटनकडे निघालेल्या किमान २७ जणांचा त्या रात्री मृत्यू झाला. त्या रात्री डोव्हर केंद्रातील मनुष्यबळ अपुरे होते आणि धुक्यामुळे टेहळणीचे विमान उडू शकले नाही, या बाबी चौकश्यांतून समोर आल्या. तरीही २०१० च्या कपातीचा हा थेट परिणाम म्हणणे घाईचे होईल. लहान नौकांतून खाडी ओलांडणाऱ्यांची संख्या २०१८ मध्ये ३०० च्या आसपास होती, ती २०२१ मध्ये २८,००० च्या वर गेली. २०१० मध्ये कोणीही हा आकडा गृहीत धरलेला नव्हता आणि धरू शकलाही नसता. मला यातून वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. क्षमता गेल्या दहा वर्षांच्या सरासरीवर बेतली, तर अकराव्या वर्षी येणाऱ्या अनपेक्षित भारासाठी हाताशी काहीच उरत नाही. आणि एका केंद्राला दुसऱ्याने हात द्यायचा, हे जाळ्याचे तत्त्व पाळण्यासाठी त्या दुसऱ्या केंद्रातही मोकळा माणूस असावा लागतो.

स्वयंसेवी संस्था ही पोकळी भरून काढू शकत नाहीत का?

काही प्रमाणात त्या नेहमीच भरत आल्या आहेत, आणि सरकारांना त्याची सवयही झाली आहे. १८२४ मध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आरएनएलआय आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून २३८ लाइफबोट केंद्रे प्रामुख्याने देणग्यांवर चालवते. १८५४ ते १८६९ या काळात तिने सरकारी अनुदान घेतले होते, पण नंतर ते सोडून दिले. सरकारपासून स्वतंत्र राहणे ती आजही महत्त्वाचे मानते.

अधिक बोलके उदाहरण नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशनचे आहे. तटरक्षक दलाने किनाऱ्यावरील टेहळणी चौक्या बंद केल्यानंतर कॉर्नवॉलमधील लिझर्डजवळ बास पॉइंट येथे, अशाच एका बंद चौकीच्या पायथ्याशी, दोन मच्छीमार बुडून मरण पावले. त्यानंतर १९९४ मध्ये स्थानिकांनी ती चौकी स्वतः उघडली. आज अशा पन्नासहून अधिक चौक्यांवर स्वयंसेवक दुर्बीण आणि नोंदवही घेऊन बसतात. या कामाबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की स्वयंसेवक जेथे राहतात तेथेच चौकी उघडते, धोका जेथे जास्त आहे तेथे उघडतेच असे नाही.

बंद केलेली केंद्रे पुन्हा उघडल्याची उदाहरणे आहेत का?

ब्रिटनमधील आठही केंद्रे बंदच आहेत. कॅनडामध्ये मात्र तसे घडले. व्हँकूव्हरमधील किट्सिलानो तटरक्षक ठाणे फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद करण्यात आले आणि सरकार बदलल्यानंतर मे २०१६ मध्ये पुन्हा उघडले. न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथील बचाव उपकेंद्र २०१२ मध्ये बंद झाले, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. क्वेबेकचे केंद्र बंद करण्याची योजना प्रत्यक्षात आलीच नाही, कारण संकटात सापडलेल्या फ्रेंच भाषिक खलाशाला त्याच्या भाषेत उत्तर मिळेल याची खात्री दुसऱ्या केंद्रातून देता येत नव्हती.

मात्र पुन्हा उघडणे म्हणजे पूर्ववत होणे नव्हे. इमारतीला रंग देता येतो. वीस वर्षे रेडिओवर बसलेला अधिकारी परत आणता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० नंतर सुमारे २०,००० पोलीस कमी झाले, आणि २०१९ मध्ये तितकेच नव्याने भरण्याची घोषणा झाली. आकडा जुळला, पण नवख्यांना शिकवणारे अनुभवी हात त्या प्रमाणात उरलेले नव्हते.

लंडनच्या अग्निशमन केंद्रांचा वाद याच्याशी संबंधित आहे का?

धोरण तेच होते, पण भूगोल वेगळा. ९ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधील दहा अग्निशमन केंद्रे एकाच दिवशी बंद झाली. शहरात पुढचे केंद्र काही मिनिटांच्या अंतरावर असते, त्यामुळे तेथील चर्चा मिनिटांच्या सरासरीवर झाली; बेटांवर आणि दूरच्या किनाऱ्यांवर ‘पुढचे केंद्र’ हा प्रकारच नसतो, म्हणून दोन्हींसाठी एकच निकष वापरू नये.

या बदलांमुळे संकटात कोणाशी संपर्क साधायचा यात फरक पडला आहे का?

नाही. किनाऱ्यावरून ९९९ किंवा ११२ क्रमांकावर फोन करून तटरक्षक दल मागायचे, आणि समुद्रात असल्यास व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर ‘मेडे’ची हाक द्यायची. उत्तर देणारा अधिकारी जवळच्या केंद्रात बसलेला असेलच असे नाही, म्हणून केवळ ठिकाणाचे नाव न सांगता त्यासोबत जवळचे मोठे गाव, परगणा आणि समोर दिसणारी खूणही सांगावी.